बाप्तिस्म्याच्या दिवशीची पंधरावी शर्यत

फोटोसाठी सगळे चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिले, तेव्हा यागोदानं बाळ आपल्या भावाच्या हातात दिलं. धर्मपिता तोच होता, त्यामुळे एक फोटो त्याचा आणि बाळाचा हवाच होता. सेवेरीननं उजवा हात पुढे केला. बाळ त्यानं कोपरात नीट घेतलं, छातीशी धरलं, हसलासुद्धा. पण डावा हात कोटाच्या खिशातच राहिला. बाळाच्या, बोग्नाच्या, डोक्यावरची लेसची टोपी सरकून डोळ्यांवर आली, तरी तो हात बाहेर निघाला नाही. टोपी त्याच्या बायकोनं, माल्विनानं, सारखी केली. तिनं ती इतक्या चपळाईनं केली, की जणू ती त्याची वाटच बघत होती.

सेवेरीनच्या आईनं, झितानं, हे सगळं पाहिलं. पासष्टीला आलेल्या त्या बाईनं चौदा वर्षं नवऱ्याला स्पीडवेच्या शर्यतीत मोटारसायकल चालवताना आणि वीस वर्षं मुलाला चालवताना पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे स्टेडियममध्ये जाऊन नव्हे. नवऱ्याचं, लेओनार्दचं, कंबरेचं हाड मोडलं त्या दिवसापासून तिनं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. तिनं पाहिलं ते घरी आल्यावर. कोण जिना चढताना कठड्याला धरतो, कोण ताटातलं मांस कापायला वेळ लावतो, कोण झोपताना कूस बदलत नाही. या बाबतीत तिला डॉक्टरांपेक्षा जास्त कळायचं.

"हसा जरा," जावई रायमुंद कॅमेऱ्यामागून म्हणाला. "आई, तुम्हीपण."

झिता हसली. फादर आतून सायकल घेऊन लगबगीनं बाहेर आले आणि सेवेरीनच्या पाठीवर थाप मारायला गेले. माल्विना मध्ये आली.

"साडेचारला ना?" फादर म्हणाले. "प्रवचन मुद्दाम आखडतं घेतलं मी. देव समजून घेईल. स्कार्बनोवाले समजून घेणार नाहीत."

सगळे हसले. लुब्झिनमध्ये त्या रविवारी दुसरा विषयच नव्हता. हंगामाची शेवटची लढत घरच्या ट्रॅकवर, समोर स्कार्बनो, आणि हरणारा संघ खालच्या लीगमध्ये जाणार. जूनमध्ये आपण त्यांच्याकडे हरलो होतो, म्हणून बरोबरीही चालणार नव्हती. एकावन्न वर्षांत लुब्झिनचा संघ कधी खाली गेला नव्हता.

*

जेवणाला सहा माणसं आणि पाळण्यात बाळ. झितानं शेवयांचं कोंबडीचं सूप केलं होतं, मग भाजलेलं बदक, बटाट्याचे गोळे आणि लाल कोबी. लेओनार्द टेबलाच्या टोकाला बसला होता. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर त्याचाच फोटो होता. गळ्यात फुलांचा हार, चेहऱ्यावर काजळी, आणि डोळ्यांभोवती गॉगलमुळे राहिलेली दोन पांढरी वर्तुळं. देशाचा विजेता, तीस वर्षांपूर्वीचा. लुब्झिनमध्ये आजही अनोळखी माणसं रस्त्यात थांबून त्याला 'चँपियन' म्हणून हाक मारायची.

"माझ्या नातीच्या नावानं," त्यानं ग्लास उचलला, "आणि तिच्या मामाच्या नावानं. आज पहिल्या वळणावर मनगट ढिलं सोडू नकोस. तेवढं एक सांगतो."

"बाबा, तुम्ही तेवढं एक वीस वर्षं सांगताय," यागोदा म्हणाली.

"वीस वर्षं तो सोडतोय."

सेवेरीन पाण्याचा ग्लास ओठाला लावून हसला. सदतीस वर्षांचा हा माणूस वडिलांच्या टोमण्यांना पावसासारखं घ्यायचा. कॉलर वर करायची आणि चालत राहायचं. वडील पाच फूट चार इंच आणि स्वभावानं ठिणगी. हा उंच, सावकाश, बोलायला कमी. लेओनार्द सुटला की पुढे एकटाच सुटायचा. सेवेरीन मात्र जोडीनं चालवायचा. स्पीडवेमध्ये चार जण सुटतात, दोन आपले, दोन त्यांचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. चार फेऱ्या, गाडीला ब्रेक नाही, मिनिटभरात सगळं संपतं. त्या एका मिनिटात आपल्या जोडीदाराला शेपटीला बांधून आणायचं, हे सेवेरीनचं काम. वीस हंगामांत त्याला एकट्याचं एकही मोठं पदक मिळालं नाही. त्याच्या जोडीला चालवलेल्यांपैकी तिघांना मिळालं.

झितानं बदकाची तांगडी त्याच्या ताटात घातली आणि समोर बसून राहिली. त्यानं काटा उजव्या हातात घेतला. सुरी तशीच पडून राहिली.

"काप ना," ती म्हणाली.

"नंतर खातो, आई. पोट जड नको."

"डाव्या हातात काटा धर, उजव्यानं काप. एक तुकडा. माझ्यासाठी."

माल्विना आपल्या ताटात बघत होती. यागोदा पाळण्यात बघत होती, पण बाळ झोपलेलं होतं.

"सेवेक," झिता म्हणाली. "मंगळवारी, बारा दिवसांपूर्वी, स्वीडनमध्ये तू पडलास. तू फोनवर म्हणालास, मुका मार आहे. मुका मार असता तर एव्हाना पिवळा पडला असता आणि तू हात हलवला असतास. काय मोडलंय?"

सेवेरीननं काटा खाली ठेवला. "हासळीचं हाड."

"आणि?"

"दोन बरगड्या. पट्टी घातलीय आतून. धातूची. घट्ट आहे, आई. गाडीच्या हँडलपेक्षा घट्ट."

"सात स्क्रू," यागोदा हळूच म्हणाली. ती जिल्हा रुग्णालयात हाडांच्या विभागात नर्स होती. "एक्स-रे मी बघितलाय."

झितानं मुलीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

"दादानं शपथ घातली होती."

"तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा होता आज. देवळात उभी होतीस. मला सांगायला तुझी जीभ उचलली नाही?"

"सांगितलं असतं तर तू हे जेवण केलं असतंस का, आई?" यागोदाचे डोळे भरले. "मला वाटलं, आधी बाप्तिस्मा होऊ दे. मग मी आणि माल्विना मिळून त्याला थांबवू. आमचं तसं ठरलं होतं."

आता सेवेरीननं बायकोकडे पाहिलं. हे त्यालाही नवीन होतं.

"ठरलं होतं," माल्विना म्हणाली. ती ताठ बसली होती. "स्वीडनच्या दवाखान्यात तू मला वचन दिलंस. वसंतापर्यंत गाडीवर बसणार नाहीस म्हणालास. भूल उतरत होती म्हणून ते वचन मोजायचं नाही, असं तू परवा मला सांगितलंस. मी मोजते."

"माल्विना, ट्रेनरकडे दुसरा माणूस नाही."

"तो ट्रेनरचा प्रश्न आहे."

लेओनार्दनं नॅपकिन घडी करून ठेवला. "बायकांची सभा झाली का?" तो म्हणाला. "मी मनगट मोडलेलं असताना ओस्त्रूवच्या शर्यतीत चालवली. डॉक्टरनं परवानगी दिलीय का, सेवेक?"

"दिली. सही केलीय."

"मग विषय संपला. तो जाईल. त्यानं बसून राहावं आणि आपण खाली जावं, आणि उद्या बेकरीत लोकांनी मला विचारावं, चँपियन, तुमचा मुलगा कुठे होता? ते मी ऐकणार नाही."

"तू बघ आधी," झिता म्हणाली.

"काय बघू?"

"त्याचा खांदा. तुला तोंड आहे, पाय आहेत, कंबर मोडलेली आहे. डोळे अजून शाबूत आहेत ना? आत ने त्याला आणि बघ. मग परत येऊन हेच वाक्य माझ्यासमोर बोल."

झिता आवाज चढवत नसे. म्हणूनच लेओनार्द उठला.

*

झोपायच्या खोलीत सेवेरीन पलंगाच्या कडेला बसला. सदऱ्याची बटणं एका हातानं काढायला वेळ लागत होता. लेओनार्दनं पुढे होऊन उरलेली तीन काढली आणि सदरा मागे सारला.

मोडकी हाडं त्यानं पुष्कळ पाहिली होती, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही. पण मुलाचा उघडा खांदा त्यानं किती वर्षांत पाहिला नव्हता? दहा, पंधरा? शर्यतीनंतर तो पिटमध्ये, गाड्या उभ्या करतात तिथे, जायचा तो काय चुकलं ते सांगायला, आणि तेव्हा सेवेरीननं शर्यतीचा सूट घातलेला असायचा. आता समोर गळ्यापासून खांद्यापर्यंत वीतभर लांबीची जखम होती. टाके नुकतेच काढलेले, कडा अजून ओल्या लाल. कातडीखाली पट्टीची धार वर आली होती, बोटानं चाचपता येईल इतकी. कोपरापर्यंत हात वांग्यासारखा काळाजांभळा. आणि या नव्या जखमेखाली जुन्या होत्या. एक पांढरी, तिरपी, ती डेन्मार्कची. एक गोल, ती कुठली ते लेओनार्दला माहीतच नव्हतं.

"ही कशाची?"

"ती? खूप जुनी. कुणाचं तरी फूटरेस्ट घुसलं होतं."

"कुठे?"

"आपल्याच ट्रॅकवर, बाबा. तुम्ही होतात तिथे."

लेओनार्दनं सदरा परत वर केला आणि बटणं लावायला लागला. एक बटण चुकीच्या काजात गेलं. ते काढून त्यानं पुन्हा लावलं.

"डावा हात वर होतो?"

"इथपर्यंत."

"क्लच?"

"बोटं चालतात. वळणावर हँडल ओढायला दुखतं. ते एक मिनिट सोसतो."

"पडलास तर?"

सेवेरीननं खांदा उडवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला.

*

दोघं परत आले तेव्हा केक कापून ठेवला होता आणि कोणी खाल्ला नव्हता. लेओनार्द आपल्या जागी बसला. झिता त्याच्याकडे बघत होती.

"तो जाणार नाही," लेओनार्द म्हणाला.

सेवेरीन दारातच थांबला. यागोदानं सुस्कारा सोडला आणि माल्विनानं डोळे मिटून घेतले. तिला हेच हवं होतं. लेओनार्दनं तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आयुष्यात त्याला एकदाही नीट थांबता आलेलं नव्हतं.

"ट्रेनरला मी फोन करतो. हे बघ सेवेक, खरं बोलूया. तुझ्याकडून आज किती गुण येणार? चार? पाच? तेवढे कोणीही आणेल. शर्यत जिंकणारा माणूस असता तर गोष्ट वेगळी. तू कधी त्यातला नव्हतास. दुसरा येतोस, तिसरा येतोस. त्यासाठी हात कशाला घालवायचा? कुणाच्या लक्षातही येणार नाही."

तो हे मायेनं बोलत होता. ते टेबलावरच्या सगळ्यांना कळत होतं आणि म्हणूनच जास्त लागत होतं. सेवेरीननं मान हलवली, जणू हवामानाची बातमी ऐकत होता.

माल्विना उभी राहिली.

"बाबा, मी या घरात तेरा वर्षं आहे. तुमच्याशी कधी उलटून बोलले नाही."

"बोल की."

"आठ वर्षं मी त्याची व्हॅन चालवली. रविवारी इथे, मंगळवारी स्वीडन, बुधवारी डेन्मार्क, परत इथे. तो मागे गादीवर झोपायचा, मी चालवायची. त्याच्या सगळ्या शर्यती मी पाहिल्यात. तुम्ही नाही पाहिल्यात."

"मी एकही घरची लढत चुकवली नाही."

"पुढे कोण आहे ते बघितलंत. मी त्याला बघत होते. मातेउशला राष्ट्रीय पदक मिळालं त्या मोसमात तो कुणाच्या जोडीला चालवत होता? त्याची बायको अजून मला नाताळला कार्ड पाठवते, आणि त्यात एकच वाक्य असतं, सेवेकला सांग आम्ही विसरलो नाही. तो झेक, कारेल, पहिल्या वळणाला घाबरायचा. दोन वर्षं याच्या सावलीत चालवून तो धीट झाला. मग तो आम्हाला सोडून मोठ्या क्लबात गेला, आणि पहिल्याच लढतीत त्यानं यालाच हरवलं. घरी येताना हा मला म्हणाला, बघितलंस किती छान वळतो आता. असं म्हणणारा मला दुसरा एक माणूस दाखवा, बाबा. तुमच्या त्या फोटोत नका दाखवू."

रायमुंदनं पाळणा हलवायला सुरुवात केली. बाळ जागं झालेलं नव्हतं.

"मला तो आज जायला नको आहे," माल्विना पुढे म्हणाली. "पण त्याच्याशिवाय चालेल म्हणून तो थांबणार असेल, तर ते मला चालणार नाही. त्याच्याशिवाय चालत नाही. ते त्याच्या ट्रेनरला माहीत आहे, त्याच्याबरोबर चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फक्त या घरात माहीत नाही." ती नवऱ्याकडे वळली. "वचनातून मी तुला सोडलं. जायचं तर जा. नाही गेलास तरी मी तीच आहे."

सेवेरीननं तिच्याकडे पाहिलं. मग आईकडे. झितानं हातातला चमचा पुसून बाजूला ठेवला. ती त्याला 'जा' म्हणाली नाही. तिनं फक्त एवढंच विचारलं, "खांद्याला कोण बांधणार?"

"मी," यागोदा म्हणाली. "माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"मग अडीच वाजलेत," झिता म्हणाली.

*

पहिल्या वळणापाशी, कठड्याला लागून, लेओनार्दची ठरलेली जागा होती. आज त्याच्या शेजारी माल्विना उभी होती. दुपारपासून दोघं एकमेकांशी बोललेले नव्हते. गाड्यांच्या इंधनाचा, मेथॅनॉलचा, गोडसर उग्र वास सुटला होता, ट्रॅकवर पाण्याची गाडी फिरून गेली होती, आणि अकरा हजार माणसं दाटीवाटीनं उभी होती. फादर खाली तिसऱ्या रांगेत होते, डोक्यावर क्लबची टोपी घालून.

सेवेरीन पहिल्या शर्यतीत शेवटचा आला. दुसऱ्यांदा तिसरा. मग एकदा दुसरा, मग पुन्हा दुसरा. चार शर्यतींत पाच गुण. लेओनार्दनं सांगितले तेवढेच. पण चारांतल्या दोनदा त्याचा जोडीदार पहिला आला होता. लेओनार्दनं ते मोजलं. मोजायला लागल्यावर त्याला जरा अस्वस्थ वाटायला लागलं.

चौदा शर्यती झाल्या तेव्हा लुब्झिन त्रेचाळीस, स्कार्बनो एक्केचाळीस. शेवटची, पंधरावी उरली. तिच्यात कोणाला उतरवायचं ते ट्रेनर ठरवतो. लाउडस्पीकरवर नावं आली. लाल हेल्मेट, आस्गर लिंडहोल्ट. निळं हेल्मेट, सेवेरीन द्रोझ्दोविच. लोकांत कुजबुज पसरली. बाकावर आज नऊ गुण आणलेला माणूस बसलेला होता.

"डोकं फिरलंय ट्रेनरचं," लेओनार्दच्या मागचा एक जण म्हणाला. "मोडका माणूस कशाला?"

"आस्गरच्या गाडीचा आवाज ऐकलात मघाशी?" माल्विना न वळता म्हणाली. "चांगली गाडी सातव्या शर्यतीत फुटली. ही दुसरी धापा टाकतेय. त्याला घरी आणायला माणूस हवा."

चौघं स्टार्टला आले. सेवेरीननं नेहमीसारखा पायानं गाडीमागचा खड्डा सारखा केला. डावा हात हँडलवर ठेवताना त्यानं तो उजव्या हातानं उचलून ठेवला. ते फार थोड्यांना दिसलं असेल. लेओनार्दला दिसलं.

स्टार्टच्या रेषेवरची फीत वर उडाली.

स्कार्बनोचा स्वीडिश, टोर्केल, कडेनं गोळीसारखा निघाला आणि वळणातून बाहेर पडला तेव्हा चार गाड्या पुढे होता. त्याला कोणी गाठणार नव्हतं. दुसरा सेवेरीन, तिसरा आस्गर, आणि आस्गरच्या मागच्या चाकाला चिकटलेला स्कार्बनोचा दुसरा माणूस. गणित साधं होतं. आपले दोघं दुसरे तिसरे आले तर शेचाळीस-चव्वेचाळीस. त्यातला एकही चौथा झाला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे खाली.

"सोड त्याला, पुढच्याला धर," लेओनार्द पुटपुटला. आयुष्यभराची सवय. "सेवेक, पुढे बघ."

दुसऱ्या फेरीला सेवेरीननं गॅस कमी केला.

लोकांना वाटलं गाडी बिघडली. स्टेडियमभर एक मोठा उसासा गेला. पण लेओनार्दचा हात कठड्यावर घट्ट झाला. सेवेरीन मागे येत होता, एकेक हात, मुद्दाम, मागे एकदाही न बघता. आतल्या बाजूनं त्यानं आस्गरला वाट दिली आणि स्वतः बाहेर सरकला. आता दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या होत्या, हँडलला हँडल, मधे हातभर जागा, आणि मागच्याला कुठूनच वाट नव्हती. मागचा बाहेर गेला. सेवेरीन बाहेर गेला. मागचा आत वळला. आस्गर आत होताच, आणि सेवेरीननं गाडी इतकी आडवी धरली की तिच्या मागच्या चाकाची माती त्या माणसाच्या तोंडावर गेली.

"वळणात बघा," माल्विना म्हणाली. "आस्गर बाहेर सरकणार. गाडीत जोर नाही."

आस्गर खरोखरच बाहेर सरकला. सेवेरीनच्या डाव्या खांद्यावर त्याचा कोपर आदळला. निळं हेल्मेट एकदम खाली झुकलं, गाडी थरथरली, आणि दोन-तीन सेकंद सेवेरीन एकाच हातानं चालवत होता. मग डावा हात परत हँडलवर आला. त्यानं आस्गरला पुन्हा आत लोटलं, खांद्यानंच, त्याच खांद्यानं, आणि त्याच्या मागे भिंतीसारखा उभा राहिला.

शेवटची फेरी. मागचा चौथा माणूस आता सगळं पणाला लावत होता. शेवटच्या वळणावर तो कडेच्या कुंपणाला घासून आला. सेवेरीन त्याच्या आधी अर्धा सेकंद तिथे होता. कसा, ते लेओनार्दला कळलं नाही. चौदा वर्षांत त्याला हे कधी करावं लागलं नव्हतं, आणि करता आलंही नसतं, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

दुसरा आस्गर. तिसरा सेवेरीन. एक गुण.

फादरची टोपी हवेत गेली. माल्विनानं कठड्यावर डोकं टेकवलं. लेओनार्दनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"तू म्हणालीस ते," तो म्हणाला. "मी फक्त पुढचं बघितलं."

तिनं हात झटकला नाही.

*

पिटमध्ये सगळे आस्गरला खांद्यावर घेऊन नाचवत होते. सेवेरीन एका उलट्या खोक्यावर बसला होता आणि यागोदा त्याच्या सूटची बाही कात्रीनं कापत होती. नवा सूट होता. त्यानं तक्रार केली नाही.

"एक स्क्रू हलला असणार," ती म्हणाली. "आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात. गाडी दारात उभी आहे."

"आता पुरे," सेवेरीन माल्विनाला म्हणाला. "यानंतर नाही."

"तीन वर्षांपूर्वीही तू हेच म्हणाला होतास. ह्याच खोक्यावर."

तो हसला आणि बरगड्यांमुळे लगेच थांबला. तिनं त्याच्या चेहऱ्यावरची माती आपल्या रुमालानं पुसली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, कानामागून, सावकाश. (तो आणखी एक हंगाम चालवणार होता. तिला ते तेव्हाच कळलं होतं.)

आस्गर सुटका करून घेऊन धावत आला. त्याला पोलिश मोजकीच यायची. तो सेवेरीनसमोर गुडघ्यावर बसला, हेल्मेट काढलं, आणि जेवढे शब्द येत होते ते सगळे वापरले.

"मी मागे बघितलं. तू होतास. परत बघितलं. परत तू होतास."

"खांदा दुखतोय का, विचार," यागोदा म्हणाली. "कोपर तुझाच होता."

आस्गरचा चेहरा पडला. सेवेरीननं उजव्या हातानं त्याच्या केसांत बोटं फिरवली. "छान वळलास," तो म्हणाला.

लेओनार्द पाच पावलांवर उभा होता. दर शर्यतीनंतर तो इथे येऊन काय चुकलं ते सांगायचा, आणि सेवेरीन त्याची वाट बघत वर पाहत होता. लेओनार्दनं तोंड उघडलं. पहिल्या वळणावर मनगट ढिलं सुटलं होतं. ते त्यानं पाहिलं होतं.

"चल," तो म्हणाला. "गाडीपर्यंत मला धरून चल. माझी कंबर दुखतेय."

कंबर दुखत नव्हती. सेवेरीन उठला, उजवा हात वडिलांच्या काखेत घातला, आणि कोण कुणाला धरून चाललंय ते बघणाऱ्यांना सांगता आलं नसतं.

*

झिता घरी एकटीच होती. बोग्ना झोपली होती आणि रायमुंद औषधाच्या दुकानात गेला होता. स्टेडियम तिथून किलोमीटरभर. गाड्यांचा आवाज वाऱ्याबरोबर यायचा, शेवटी मोठी आरोळी आली, आणि ती आरोळी आनंदाची होती हे तिला कळलं होतं. पण आनंदाच्या आरोळीतही माणूस खाली पडलेला असू शकतो. ती रेडिओ लावत नसे.

लेओनार्द आत आला तेव्हा खिडकीत अजून उजेड होता.

"दवाखान्यात आहे," तो आधीच म्हणाला. "पडला नाही. यागोदा आणि माल्विना बरोबर आहेत. एक स्क्रू घट्ट करायचाय. बस."

ती बसली. तोही बसला. टेबलावर दुपारचे कप तसेच होते. त्यानं त्यातले चार पुढे ओढले.

"हा स्वीडिश," त्यानं एक कप पार टेबलाच्या टोकाला सरकवला. "हा गेला. हा आस्गर, इंजिन गेलेलं. हा त्यांचा दुसरा, हा मागे. आणि हा सेवेक." निळ्या किनारीचा कप त्यानं हातात धरला. "आता बघ. तुझ्या मुलानं दुसऱ्या फेरीला गॅस सोडला."

"का?"

"तेच सांगतोय."

त्यानं सगळं सांगितलं. कप फिरवत, वळणं दाखवत, आवाज काढत. साखरेचं भांडं वळण झालं आणि केकची थाळी कुंपण. आस्गरचा कोपर लागला तिथे त्यानं निळ्या किनारीचा कप तिरका धरून दाखवला. झितानं आजवर या टेबलावर त्याची एकच शर्यत ऐकली होती, ती भिंतीवरच्या फोटोतली. ती तिला पाठ होती. ही तिनं मधे एकदाही न बोलता ऐकली.

तो थांबला तेव्हा तिनं टेबलाच्या टोकाला एकटाच राहिलेला कप उचलला आणि बाकीच्यांत ठेवला.

"म्हणजे सेवेक तिसरा."

"तिसरा."

"आणि पहिला तो स्वीडिश. किती पुढे होता तो शेवटी?"

लेओनार्दनं निळ्या किनारीचा कप अजून हातात धरला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही."